जो जाळी बांधेल

"थांबवा! खेळ थांबवा!" पाहुण्या संघाचा कप्तान दोन्ही हात हलवत पंचाकडे धावला. "जाळी बघा जरा तुमची. झोपायला निघालीय!"

पंच म्हणजे क्लबातलेच कंपाउंडरकाका. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि जाळीकडे पाहिलं. पाहुणा खोटं बोलत नव्हता. पहिल्या सेटला ताठ उभी असलेली जाळी आता जुन्या खाटेसारखी मधोमध झोळ खाऊन बसली होती.

लीगकडून सामना पाहायला आलेले साहेब खुर्चीतून उठले. मापाची काठी जाळीला लावून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"सुरुवातीला मी स्वतः मोजली होती. तेव्हा ठीक होती. आता चार बोटं खाली आहे. कुणी बांधली ही?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच माणसाकडे वळल्या. खांबापाशी उभा असलेला तो हमाल स्वतःच्याच हाताकडे बघत होता, जणू हात दुसऱ्या कुणाचा असावा. बाजारात कोबीची पोती वाहून वाहून त्याचं नावच कोबी पडलं होतं, आणि देवाने डोकंही नावाला साजेसं दिलं होतं.

"क्लबने बांधली," कप्तानबाई पुढे येत म्हणाली.

"क्लबने म्हणजे कुणी?"

"क्लबने म्हणजे क्लबने. तसंच लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं नाही. ते खांबाजवळ गेले, गाठ पाहिली आणि मान हलवली. ती हमालाची गाठ होती. ओझं करकचून धरते, पण एका हिसक्यात सुटते, कारण ती सुटली नाही तर मागची गाडी खोळंबते आणि मागचा माणूस आईबाप काढतो. हातगाडीवर त्या गाठीला तोड नाही. पण व्हॉलीबॉलच्या जाळीला चेंडू दर घडीला हिसका देतो, आणि प्रत्येक हिसक्याला कोबीची गाठ इमानदारीने थोडी थोडी सुटत आली होती. क्लबातल्या कुठल्याही दुसऱ्या माणसाने ती चूक केली नसती. दुसऱ्या कुणाला ती गाठ येतच नव्हती.

"हा सामना पाहुण्यांना," साहेब म्हणाले. "आणि बाई, राग मानू नका, पण ही भाजीची शेड आहे. आजवर आम्ही डोळ्यांवर कातडं ओढलं. यापुढे इथे लीगचा सामना नाही. धड हॉल शोधा, नाहीतर नाव काढून घ्या."

"शेड भाजीची सकाळी. संध्याकाळी आमची."

"माझ्या बुटाला कोथिंबीर चिकटलीय, बाई."

"मग घरी न्या की," मागून कप्तानबाईची थोरली जाऊ म्हणाली. "स्वच्छ आहे. दोनदा पाणी मारलंय आम्ही."

पाहुण्या संघातलेसुद्धा हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

साहेबांचं बोलणं अगदीच चूक होतं असं नाही. दिवसभर त्या शेडमध्ये लिलाव चाले. शेवटची गाडी गेली की क्लबची माणसं येत. कुणी दवाखान्यातून, कुणी शिलाई मशीनवरून उठून, कुणी त्याच शेडमधलं ओझं उतरवून. चुरगळलेली पानं झाडायची, फरशी धुवायची, ट्रकच्या जुन्या रिंगांमध्ये सिमेंट ओतून उभे केलेले लोखंडी खांब कोपऱ्यातून गडगडत आणायचे, जाळी बांधायची. मग खेळ. खेळ संपला की सगळं उलट क्रमाने. पगार कुणाला नाही, आभारही कुणाला नाहीत. बायका-पुरुष मिसळून खेळायची लीग होती आणि तिच्यात हा क्लब बरीच वर्षं शेपटीला लोंबकळत का होईना, टिकून राहिला होता.

रिवाज एकच होता. जो जाळी बांधेल तो आधी उतरेल. मग त्याच्या सर्व्हिस छपराला का लागेनात. रोजच्या खेळालाही हाच कायदा आणि लीगच्या सामन्यालाही हाच.

हा कायदा कुणी सभेत ठरवला नव्हता. कप्तानबाई दवाखान्याच्या लाँड्रीत नवी लागली होती, तेव्हाची गोष्ट. चादरी पिळून मनगटं लोखंडाची झाली होती. क्लब त्या वेळी चांगल्या बुटांच्या लोकांचा होता. ते जाळी बांधून झाली की येत आणि ती सोडायच्या आत जात. झाडायला, बांधायला या दोघी जावा. त्याबदल्यात, अंधार पडता पडता सगळे दमले की मग यांना चेंडूला हात लावायला मिळे. एका संध्याकाळी हिने जाळी बांधली आणि तिच्याखालीच उभी राहिली.

"आज मी आधी."

"का?"

"मी बांधली म्हणून."

"बाजूला हो गं बाई, वेळ जातोय."

"जाऊ दे."

ती हलली नाही. जाऊ झाडू बंदुकीसारखा खांद्यावर टाकून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या दिवशी खेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर केव्हातरी चांगल्या बुटांपैकी एकजण निमूट कोपऱ्यात गेला आणि खांब गडगडवत घेऊन आला. बाकीचे हळूहळू दुसरीकडे खेळायला गेले. त्या दिवसापासून तिला कप्तानबाई म्हणू लागले, आणि कप्तान दुसरे होऊन गेले तरी नाव काही सुटलं नाही.

पाहुणे गेले, साहेब गेले. कप्तानबाई जाळी सोडू लागली तशी तिची लेक समोर येऊन उभी राहिली. लेक शाळेत खेळाची शिक्षिका. क्लबात सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिने क्लबाची शिकवणी हाती घेतल्यापासून माणसं चेंडूखाली वेळेवर पोहोचू लागली होती, पळून दमेनाशी झाली होती, आणि तळाचा क्लब लीगच्या मध्यावर आला होता. कप्तानबाईला त्याचा केवढा अभिमान होता हे तिने लेक सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.

"आई, आता पुरे."

"काय पुरे?"

"हा रिवाज. कोबीदादा आधी उतरले, पहिला सेट गेला. दुसरा आपण ओढून आणत होतो, तर त्यांची गाठ सुटली. एका माणसाने एका दिवसात दोनदा हरवलं आपल्याला."

"तो ऐकतोय."

"ऐकू दे. खोटं बोलतेय का मी?"

कोबी पलीकडे खांब ढकलत होता. तो थांबला नाही. फक्त आवाज होऊ नये म्हणून हळू ढकलू लागला.

"गाठ काय, शिकवता येते," कप्तानबाई म्हणाली.

"मग शिकवायची होती! इतकी वर्षं काय केलं? नुसती झाडलोट?" लेकीचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "जिल्ह्याच्या संघाची निवड करणारे आले होते, आठवतं? याच शेडमध्ये. मी शाळेतून धावत आले तोवर जाळी बांधून झाली होती. तू मला बाहेर बसवलंस. पहिला सेट झाल्यावर ते चहा प्यायला म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत."

"तू उशिरा आलीस त्या दिवशी."

"पेपर होता माझा, आई!"

"कायदा सगळ्यांना सारखा."

"मी सगळ्यांतली नव्हते गं," लेक म्हणाली. "मी तुझी होते."

कप्तानबाईने जाळीची चादरीसारखी घडी घातली. उभं आयुष्य घड्या घालण्यात गेलेल्या बाईची घडी वाकडी झाली. तिने ती उलगडली आणि पुन्हा घातली. तोवर लेक निघून गेली होती.

घरी जाताना जाऊ एका पायाने लंगडत चालत होती.

"धाकटे," ती म्हणाली, "पोरगी बरोबर बोलली."

"हो."

"मग?"

"मग काय? मी पण बरोबरच आहे."

"दोघी बरोबर असल्या की घराचं वाटोळं होतं," जाऊ म्हणाली आणि चपलेतला खडा काढायला थांबली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शेडच्या पायऱ्यांवर कोबी सोडून सगळा क्लब जमला. मास्तरणीने सरळ मुद्द्यालाच हात घातला. तिच्या शाळेचा हॉल मिळत होता. लाकडी जमीन, जमिनीत गाडलेले खांब, कायमची ताणलेली जाळी. मुख्याध्यापकांची अट होती की निवडलेला संघ तेवढा यावा. बाकीचे नकोत, पोरंबाळं नकोत, बघे नकोत.

"बाकीचे म्हणजे?" शिलाईवालीने विचारलं. ती कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवायची आणि चेंडू आला की डोळे मिटायची.

"जे संघात नाहीत ते."

"आणि संघात कोण नाही, ते कुणी ठरवायचं?"

"मी. शिकवते मी, तर ठरवणार पण मीच." मास्तरणीने आईकडे न बघता पुढचं वाक्य उरकलं. "आई सल्लागार राहील. तिच्यासाठी कडेला खुर्ची असेल."

"खुर्ची?" कप्तानबाई म्हणाली. "हातांची का बिनहातांची?"

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा तू चालवलीस. आजपर्यंत मी या क्लबात उभी आहे, वाकलेली आहे, फार तर फरशीवर आडवी पडलेय. बसलेली कुणी पाहिलीय का?"

"माझे गुडघे बघा आणि खुर्ची हिला देताय!" जाऊ मध्येच म्हणाली. "ती खुर्ची इकडे पाठवून द्या माझ्याकडे."

हशा झाला, पण तो लवकर विरला. धडधाकट, चांगलं खेळणारे होते ते खाली बघत होते. त्यांचं मन हॉलच्या लाकडी जमिनीवर जाऊन केव्हाच उड्या मारत होतं, आणि त्यात त्यांचा काय दोष? कप्तानबाईला ते दिसत होतं. ती उठली.

"ज्यांना जायचंय त्यांनी जा. मनापासून जा, मान खाली घालून नको. चेंडू चांगले आहेत ते सगळे घेऊन जा. सालं निघालेला एक इथे ठेवा."

"असं तोडून बोलू नको ना," लेक म्हणाली.

"तोडत नाही. वाटण्या करतेय. मांडीला मांडी लावून वाटण्या केल्या की पुढे येणंजाणं राहतं."

"म्हणजे क्लब बंद करायचा?" कंपाउंडरकाकांनी घाबरून विचारलं.

"कोण म्हणालं? उद्या नेहमीच्या वेळेला जाळी बांधली जाईल."

दुसऱ्या दिवशी जाळी बांधली गेली खरी, पण खाली उतरायला तिघंच होती. कप्तानबाई, तिची जाऊ आणि कंपाउंडरकाका. शिलाईवालीला रात्रपाळी होती. कोबी तर त्या सामन्यापासून संध्याकाळी शेडकडे फिरकलाच नव्हता. तिघं एकमेकांकडे चेंडू टोलवत होती तेवढ्यात दारात मुकादम येऊन उभा राहिला. बाजाराच्या सगळ्या शेडी त्याच्या ताब्यात. माणूस वाईट नव्हता, पण रिकामी जागा दिसली की त्याच्या अंगाला खाज सुटे.

"क्लब शाळेत गेला म्हणे, बाई. बरं झालं, सुटलो. बटाट्याच्या पेट्या उघड्यावर पडल्यात माझ्या."

"गेली ती टीम. क्लब इथेच आहे."

"हा क्लब?" मुकादमाने तिघांवरून नजर फिरवली. "दोन म्हाताऱ्या आणि एक कंपाउंडर?"

"एक म्हातारी," जाऊ म्हणाली. "ही अजून धाकटी आहे."

"ठरलं होतं काय आपलं? खेळ चालू तोवर संध्याकाळची शेड तुमची. खेळ! हे काय, चेंडू भरवताय का एकमेकांना? हे बघा बाई, माझ्यावर पण माणसं बसलीत, मलाही जाब द्यावा लागतो. उद्या मी पेट्या घेऊन येणार. जाळीच्या दोन्ही बाजूंना माणसं खेळताना दिसली, तर गुमान मागे जाईन. नाही दिसली, तर पेट्या आत. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

"या," कप्तानबाई म्हणाली. "पाय पुसून या तेवढे. फरशी आम्ही धुतो."

मुकादम गेल्यावर कंपाउंडरकाका खांबाला टेकले. "बोललात खरं. पण उद्या उभं कुणाला करणार?"

"मला कुठे माहीत आहे? बोलायच्या आधी विचार केला असता तर बोलणं झालंच नसतं."

दवाखान्याच्या लाँड्रीत माणसाशी बोलायचं म्हणजे भांडल्यासारखं ओरडावं लागतं. एका बाजूला धुलाईची यंत्रं घुमत असतात, दुसऱ्या बाजूला वाफ फुसफुसत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानबाईने इस्त्रीच्या टेबलापाशी तोंड उघडलं, ते दुपारपर्यंत मिटलं नाही.

"आम्हाला नाही येत गं तसलं," इस्त्रीवाली ओरडली.

"चादर झटकता येते ना?"

"ती काय, कुणालाही येते."

"मग झालं. वर फेकायचं आणि खाली पडू द्यायचं नाही. तेवढंच असतं. बाकीचं सगळं लोकांनी वाढवून ठेवलंय."

"आणि पडलं तर?"

"तर कंपाउंडर शिट्टी वाजवतो. औषध देत नाही, घाबरू नको."

बॉयलरवाल्याला विचारलं तर त्याने आधी पाठ दाखवली, मग कंबर, मग गुडघा. "यातलं काय चालतंय ते घेऊन ये," ती म्हणाली. घडीवाल्या दोघी बहिणी होत्या, त्यांचं एकमेकींशी पटत नसे. त्यांना तिने जाळीच्या दोन बाजूंना उभं करायचं कबूल केलं, तशा दोघी लगेच तयार झाल्या.

जेवणाच्या सुट्टीत ती न जेवताच बाजाराकडे गेली. कोबी गाडीतून पोती उतरवत होता. तिला बघून त्याने पोतं उगाच लांबच्या ढिगावर नेऊन टाकलं. ती तिथेच उभी राहिली. पोतं टाकून तो परत आला.

"का येत नाहीस?"

"कशाला येऊ? माझ्यामुळे गेलं सगळं."

"फुकटचा मोठेपणा घेऊ नकोस. एक क्लब मोडायची ताकद तुझ्या एका गाठीत असती, तर तू पोती वाहत बसला असतास?"

कोबीला हसू येत होतं, ते त्याने दाबलं. "बाजारात गाठवाला म्हणतात मला."

"कोबी म्हणतात तेव्हा नाही वाईट वाटत?"

"ते प्रेमाने म्हणतात."

"मग आता ऐक. संध्याकाळी यायचं. तेच टोक, तोच खांब, आणि बांधायची तूच."

"कप्तानबाई, नको. परत सुटली म्हणजे?"

"परत बांधशील. जाळीचीच गाठ आहे, फाशीची नव्हे." ती वळली आणि पुन्हा थांबली. "तुझं नाव मी साहेबाला का सांगितलं नाही, कळलं का तुला?"

"मला वाचवायला."

"नाही रे. जाळी खरंच क्लबने बांधली होती. गाठ तुला शिकवली नाही ती आम्ही."

संध्याकाळी शेवटची गाडी गेली. आधी दोघी जावा झाडायला लागल्या. मग इस्त्रीवाली आली, ती नवऱ्याला घेऊन. ती एकटी आली असती तर घरी त्याला भाजी करावी लागली असती, म्हणून तो आला असं ती म्हणाली. बॉयलरवाला कंबर, पाठ, गुडघा सगळं घेऊन आला. घडीवाल्या बहिणी वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्या. शिलाईवाली आली, कारखान्यातल्या सात मैत्रिणींना ओढत. पाणी मारलं गेलं, पोतेरं फिरलं, खांब गडगडले. सगळ्यात शेवटी कोबी दारात दिसला आणि कुणी काही न बोलताच सगळ्यांनी त्याला खांबापर्यंत वाट करून दिली.

त्याने दोरी हातात घेतली. कप्तानबाई शेजारी उभी राहिली, पण हात मागे बांधून. "दोन वेढे दे. आता खालून घे. असं नाही, उलटं. हिसक्याने सुटणारी नको, हिसक्याने आवळणारी पाहिजे. हं. ओढ आता."

कोबीने ओढली. मग खात्री पटेना म्हणून तो स्वतःच दोरीला लोंबकळला. खांब करकरला, पण गाठ हलली नाही. मग बॉयलरवाला लोंबकळायला पुढे झाला, तेव्हा कंपाउंडरकाकांनी शिट्टी वाजवली.

"बास! मोडाल खांब. आता सांगा, जाळी कुणी बांधली? आधी कोण उतरणार?"

इथे घोटाळा झाला. इस्त्रीवाली म्हणाली, दोरी मी धरली होती. तिचा नवरा म्हणाला, खांब मी आणला. दुसरं टोक घडीवाल्या थोरलीने बांधलं होतं आणि धाकटीने ते नीट करून दिलं होतं. त्यावरून दोघींचं जुंपलं. शिलाईवालीच्या मैत्रिणींनी जाळी ताणून धरली होती. एकही माणूस असा निघेना की ज्याचा हात लागला नव्हता.

"मग सगळेच उतरा," कप्तानबाई म्हणाली.

"एका बाजूला सहाच असतात," कंपाउंडरकाका म्हणाले. "नियम आहे."

"लीगचा आहे. लीगवाले कुठे दिसतायत का तुम्हाला?"

काकांनी खरंच आजूबाजूला पाहिलं, मग खांदे उडवले आणि शिट्टी वाजवली.

काय तो खेळ! चेंडू येताना दिसला की तिघं धावत आणि तो तिघांच्या मधोमध पडे. बॉयलरवाला प्रत्येक फटक्यानंतर चेंडूला शिव्या घाली. घडीवाल्या बहिणींना बाकी कुणाशी घेणंदेणं नव्हतं. त्या जाळीवरून फक्त एकमेकींना नेम धरून मारत होत्या, आणि सगळ्यांत चांगलं तेच चाललं होतं. जाऊ सर्व्हिस करायला लागली की समोरचे आधीच हसत. तिची सर्व्हिस खालून येई, छपराच्या लोखंडी कैच्यांमध्ये फिरून येई, आणि पलीकडे कुठे पडेल हे तिलाही ठाऊक नसे.

त्याच संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये टीमचा पहिला सामना होता. सगळ्यांना माहीत होतं.

"तिकडे पण सुरू झाला असेल," जाऊ हळूच म्हणाली.

"चेंडूकडे बघ," कप्तानबाई म्हणाली.

बाहेर हातगाड्यांची चाकं खडखडली. मुकादम दारात आला. मागे बटाट्याच्या पेट्या लादलेल्या गाड्या, गाड्यांमागे हमाल. कुणी खेळ थांबवला नाही. थांबवायचं ठरवलं असतं तरी कुणाला जमलं नसतं, कारण चेंडू तेव्हा वर होता आणि तो वर असणं हीच मुळात नवलाची गोष्ट होती. मुकादमाने उंबऱ्यावर बूट पुसले. पुसल्यावर आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो जास्तच चिडला.

"बाई! याला खेळ म्हणायचा?"

"मग काय म्हणायचं?" कप्तानबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"अहो, आठ आठ माणसं आहेत एकेका बाजूला!"

"तुम्हाला दोन्ही बाजूंना माणसं पाहिजे होती. आम्ही कमी पडू दिली नाहीत."

मागचा एक हमाल फिसकन हसला. मुकादमाने वळून पाहिलं. हमालांनी गाड्या टेकवल्या होत्या आणि पेट्या उतरवून शेडच्या बाहेरच ओळीने मांडल्या होत्या. आता ते त्यांच्यावर बसून बघत होते. "आउट होता तो!" त्यांच्यातला एक ओरडला. "आत होता, रेषेवर पडला," दुसरा म्हणाला. "कोब्या, पुढे हो की जरा! पाय काय गहाण ठेवलेस?"

मुकादमाने थोडा वेळ वाट पाहिली. मग जरा खालच्या सुरात त्याने विचारलं, "किती वेळ चालणार हे?"

"पंधरा होईपर्यंत."

"कुणाचे?"

"कुणाचे का होईनात."

एका हमालाने सरकून त्याला पेटीवर जागा करून दिली. मुकादम बसला नाही. पण गेलाही नाही.

खेळात जागा फिरत असतात. फिरता फिरता कप्तानबाई पुढच्या ओळीत, जाळीपाशी मध्यावर आली. इस्त्रीवालीने मागून चेंडू कसाबसा उचलला आणि कधी नव्हे तो सरळ हिच्याकडे आला. तिने गुडघे वाकवले, बोटं पसरली. चेंडू बोटांना टेकला न टेकला तोच वर गेला. जाळीच्या वर, डाव्या कडेला, जराही न फिरता, अगदी शांत. कंपाउंडरकाकांच्या तोंडातली शिट्टी सुटून गळ्यात लोंबू लागली. तसा चेंडू ती आजवर एकाच उडीसाठी उचलत आली होती. लेक तिच्या कमरेएवढी होती तेव्हापासून तिची उडी जसजशी वाढली, तसतसा आईने चेंडू वर नेला होता. दोघींत एका शब्दाचंही बोलणं न होता, वर्षानुवर्षं.

त्या जागी शिलाईवाली उभी होती. आज तिने डोळे मिटले नव्हते. ती मान वर करून नुसती बघत राहिली. चेंडू वर पोहोचला, घडीभर थांबल्यासारखा झाला, मग तसाच सरळ खाली आला, फरशीवर टप्पे खात बाहेरच्या पेट्यांकडे घरंगळला. कुणी हसलं नाही. मुकादमाने पाय पुढे करून तो अडवला, उचलला आणि परत फेकला.

कप्तानबाईने चेंडू झेलला, ओले हात कमरेला पुसले आणि शिलाईवालीकडे वळली.

"बघितलंस ना कुठे येतो?" ती म्हणाली. "दर वेळी तिथेच येणार. आता उडी मार."